मानवी व्यापारविरोधी धोरण आणि विद्यापीठाची सही



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काहींना वाटलं असेल की दोन वेगळ्या व्याख्यानांची शीर्षकं छापखान्यात एकत्र झाली. माणसांचा व्यापार हा पोलिसांचा, कोर्टाचा, फार तर महिला व बालविकास खात्याचा विषय. विद्यापीठाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चर्चासत्रांपुरता नाही. सरकार एखाद्या दुष्कृत्याविरुद्ध मोहीम उघडतं तेव्हा कुलगुरूंना बोलावून हुकूम सोडत नाही. ते पैसे देतं आणि पैशाच्या कागदावर एक कलम घालतं. नाहीतर परवाना देतं आणि त्यासोबत एक काम गळ्यात घालतं. विद्यापीठ सही करतं. ती सही वाचून होते की न वाचता, आणि सही झाल्यावर कलमात लिहिलंय त्याहून किती जास्त पाळलं जातं, हे मला आज तपासायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या धोरणांमुळे विद्यापीठांचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं त्यांनी स्वतःच्या भित्रेपणानं ओढवून घेतलं.

सुरुवात अमेरिकेपासून करते, कारण या बाबतीत जगभरच्या सरकारांना गुण देण्याचं काम त्या देशानं आपण होऊन अंगावर घेतलं आहे. २००० साली तिथल्या काँग्रेसनं मानवी व्यापाराला बळी पडलेल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच वर्षी डिसेंबरात पालेर्मो इथे याच विषयावरचा संयुक्त राष्ट्रांचा करार सह्यांसाठी खुला झाला. २००१ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरवर्षी एक अहवाल काढतं, देशांना श्रेण्या लावतं, आणि तळाच्या श्रेणीतल्या देशाची मदत रोखण्याचा अधिकार हाती ठेवतं. २००४ ते २०१० अशी सलग सात वर्षं भारत दुसऱ्या श्रेणीच्या ‘वॉच लिस्ट’वर होता. या शेऱ्याचं दडपण दिल्लीतल्या मंत्रालयांवर येतं आणि तिथून खाली राज्यांकडे, पोलीस ठाण्यांकडे उतरतं. किती धाडी पडल्या, किती बायका ‘सोडवल्या’, किती सुधारगृहात पाठवल्या, हे आकडे वर पाठवावे लागतात.

आकड्यांवर जरा थांबते, कारण इथे विद्यापीठांचं काम सर्वात आधी सुरू व्हायला हवं होतं. अमेरिकेत दरवर्षी किती माणसं विकून आणली जातात याचा सरकारी अंदाज आधी ५० हजार होता. मग तो १८ ते २० हजार झाला आणि २००४ मध्ये साडेचौदा ते साडेसतरा हजारांवर आला. पाच-सहा वर्षांत गुन्हा दोन तृतीयांशांनी घटला असं कुणीच म्हटलं नाही. बदलला तो अंदाज. जगभरासाठी सहा ते आठ लाख हा आकडा रूढ झाला. काँग्रेससाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस’नं २००६ साली या आकड्याच्या मुळाशी जाऊन पाहिलं. तो एका माणसानं तयार केलेला होता आणि त्यानं आपल्या सगळ्या कामाची नोंदही ठेवलेली नव्हती. दुसऱ्या कुणाला ते गणित पुन्हा मांडून पाहता येणार नव्हतं. एम.ए.च्या विद्यार्थ्यानं असा तक्ता आणला तर आपण प्रबंध परत देतो. तोच आकडा मात्र कितीतरी शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदात ‘सरकारी अंदाजानुसार’ म्हणून निमूट येऊन बसला. काही अभ्यासकांनी त्यावर टीका केली, नाही असं नाही. पण तो उघडा पाडला सरकारच्याच तपासनिसांनी.

आता त्या कलमाकडे येते. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेनं एड्स, क्षय आणि हिवताप यांविरुद्धचा मोठा कायदा केला. पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलर. आफ्रिकेत आणि आपल्याकडे या पैशानं लाखो जीव वाचले, हे आधी नोंदवायला हवं. मी ज्याला दोष देणार आहे ती गोष्ट या पैशाबरोबर आली, म्हणून पैसाच वाईट होता असं कुणी समजू नये. कायद्यात दोन अटी होत्या. पहिली अशी की हा पैसा वेश्याव्यवसायाला किंवा लैंगिक शोषणासाठीच्या मानवी व्यापाराला उत्तेजन देण्यासाठी, किंवा वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा या प्रचारासाठी वापरायचा नाही. ही समजण्यासारखी आहे. ज्याचा पैसा, तो कशावर खर्च होऊ नये हे त्यानं सांगावं. दुसरी अट वेगळ्या जातीची होती. पैसे घेणाऱ्या संस्थेचं स्वतःचं धोरण वेश्याव्यवसायाला आणि मानवी व्यापाराला स्पष्ट विरोध करणारं असलं पाहिजे. म्हणजे सरकारचा डॉलर कुठे जातो एवढ्यावर भागत नव्हतं. संस्थेनं दुसऱ्याच्या पैशानं काय बोलावं, काय छापावं, तिचं मत काय असावं, इथपर्यंत हात पोहोचला. त्याच वर्षी मानवी व्यापारविरोधी कायद्याचं नूतनीकरण झालं, तेव्हा त्या निधीसाठी अर्ज करणाऱ्या संस्थांनाही अशाच धर्तीचं निवेदन द्यावं लागू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेला, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना आणि ग्लोबल फंडाला एड्सच्या कायद्यातल्या सक्तीतून वगळलं होतं. मोठ्यांना सूट मिळाली.

वेश्याव्यवसायाला विरोध आहे एवढं लिहून द्यायला काय हरकत, असं सभागृहातल्या पुष्कळांना वाटत असेल. त्याचं उत्तर कोलकात्यात आहे. १९९२ साली तिथल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या अध्यापन-संशोधन संस्थेतले डॉ. स्मरजित जाना सोनागाचीत गुप्तरोगांची पाहणी करायला गेले. त्यांनी जे शिकून आणलं ते साधं होतं. धंद्यातल्या बाईला ‘पतित’ म्हणून सुधारायला गेलात तर ती दार लावून घेते. तिलाच कार्यकर्ती केलं, दरासाठी आणि निरोधसाठी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्याचं बळ तिला मिळालं, तर रोग आटोक्यात राहतो. त्यातून दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली. आपल्या कामाला काम म्हणा, ही तिची मागणी. त्याच समितीनं वस्तीत मंडळं नेमली. अल्पवयीन मुलगी किंवा जबरदस्तीनं आणलेली बाई आली तर ती या मंडळांच्या नजरेतून सुटू नये, अशी ती व्यवस्था. पालेर्मोच्या करारात लिहिलेलं काम या बायका करत होत्या. आता एखाद्या सार्वजनिक आरोग्य विभागाला यांच्याबरोबर अभ्यास करायचा आहे आणि पैसा त्या अमेरिकी कायद्यातला आहे. विभागानं ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांच्या मूळ मागणीला आपला विरोध आहे असं आधी लिहून द्यायचं आणि मग त्यांच्या दारात जाऊन बसायचं.

महाराष्ट्रात सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून काम करते. तिच्यातूनच धंद्यातल्या बायकांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेच्या मदतीचे पैसे नाकारले, कारण त्या कलमावर सही करायची नव्हती. त्याच वर्षी ब्राझीलच्या सरकारनं सुमारे चार कोटी डॉलर सोडले, कारण तेच. एका मोठ्या देशाच्या सरकारशेजारी मी सांगलीच्या एका संस्थेचं नाव घेते आहे, ते मुद्दाम.

मग या काळात अमेरिकी विद्यापीठं काय करत होती? सुरुवातीला हे कलम अमेरिकेतल्या संस्थांना लावायचं नाही असा तिथल्या न्याय खात्याचा सल्ला होता, कारण ते राज्यघटनेच्या कसोटीला उतरेल की नाही याची शंका होती. २००४ मध्ये खात्यानं मत बदललं आणि २००५ पासून अमेरिकी संस्थांनाही ते लागू झालं. लगेच खटले झाले. ‘अलायन्स फॉर ओपन सोसायटी इंटरनॅशनल’ आणि ‘पाथफाइंडर’ न्यूयॉर्कच्या कोर्टात गेल्या, ‘डीकेटी’ वॉशिंग्टनच्या. वादींची नावं वाचताना मी पुन्हा पुन्हा शोधते आणि एकही विद्यापीठ सापडत नाही. प्राध्यापकांनी लेख लिहिले, काहींनी फार चांगले लिहिले. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड वाइत्झर यांनी या सगळ्या मोहिमेची चिरफाड केली. पण संस्था म्हणून, कुलगुरूंच्या सहीनं, विश्वस्त मंडळाच्या ठरावानं कोर्टात कुणी गेलं नाही.

त्यांच्या हाती कायदा नव्हता असंही नाही. १९९१ साली ‘रस्ट विरुद्ध सलिव्हन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. सरकारी पैशानं चालणाऱ्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी गर्भपाताबद्दल बोलू नये, ही अट टिकली. पण त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी एक अपवाद नोंदवला. विद्यापीठ हे मुक्त विचाराचं परंपरेनं मान्य झालेलं क्षेत्र आहे, म्हणून निधीला अटी जोडून तिथलं बोलणं आवरण्याची सरकारची ताकद मर्यादित आहे. रेनक्विस्ट काही उदारमतवाद्यांचे लाडके न्यायाधीश नव्हते. त्यांनी आपण होऊन विद्यापीठांच्या हाती ही ढाल दिली. त्याच वर्षी स्टॅनफर्डनं ती वापरली. कृत्रिम हृदयाच्या संशोधनाच्या सरकारी करारात एक कलम होतं, की प्राथमिक निष्कर्ष छापण्याआधी सरकारची परवानगी घ्या. स्टॅनफर्डनं सही नाकारली, कोर्टात गेलं आणि जिंकलं.

आणखी जवळचं उदाहरण देते. एड्सच्या कायद्यावर सह्या होत होत्या त्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेतल्या कायदा महाविद्यालयांच्या एका मंचानं सरकारवर दावा ठोकला. विद्यापीठाला केंद्राचा निधी हवा असेल तर लष्कराच्या भरती अधिकाऱ्यांना आवारात येऊ द्यावंच लागेल, ही अट त्यांना मान्य नव्हती, कारण समलैंगिकांबाबत लष्कराचं धोरण भेदभावाचं होतं. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध शून्य असे ते हरले. हरले, पण भांडले. म्हणजे निधीच्या अटीविरुद्ध भांडायचं असतं हे माहीत होतं, वकील होते, पैसा होता. आपले विद्यार्थी आणि आपली प्रतिष्ठा यांचा प्रश्न आला तेव्हा विद्यापीठ उभं राहिलं. नैरोबीतल्या आणि सांगलीतल्या वेश्यावस्तीचा प्रश्न आला तेव्हा ते कलम हिशेब विभागाकडे पाठवलं गेलं. विषयच असा होता की त्यावर ठराव मांडायला विश्वस्त मंडळात कुणाची जीभ उचलली नसेल. हा माझा तर्क आहे. पण दुसरं कारण मला सापडत नाही.

विद्यापीठातलं भय कसं पसरतं याची नोंद त्याच काळातल्या एका शेजारच्या प्रकरणात मिळते. २००३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक दुरुस्ती आली. राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं मंजूर केलेल्या लैंगिकतेवरच्या काही प्रकल्पांचा पैसा काढून घ्या, असं ती सांगत होती. त्यातल्या एकाचा विषय सॅन फ्रान्सिस्कोत मालिशच्या दुकानांत काम करणाऱ्या आशियाई स्त्रियांचं आरोग्य हा होता. मानवी व्यापाराची चिंता करणाऱ्या सरकारला नेमकी जी माहिती हवी, तीच. दुरुस्ती दोन मतांनी पडली. म्हणजे संशोधक जिंकले. त्यानंतर एका दबावगटानं दीडशेहून अधिक संशोधकांची नावं असलेली यादी फिरवली. रटगर्स विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ जोआना केम्पनर यांनी या वादात सापडलेल्या संशोधकांना गाठलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. प्रश्नावली भरणारे ८२ जण होते. त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी अर्जाच्या शीर्षकातून आणि सारांशातून खटकणारे शब्द काढायला सुरुवात केली होती. काहींनी विषयच सोडले, काहींनी नोकरी बदलली. एकाचंही अनुदान त्या मतदानानं गेलेलं नव्हतं. कायदा पडला आणि त्याची अंमलबजावणी झाली.

संस्थेकडून धोरण लिहून घेणाऱ्या त्या अटीचं पुढे काय झालं? २० जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी ती अमेरिकी संस्थांपुरती रद्द केली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात या संस्थांची भीती नोंदवली, की खासगी पैशानं चालणाऱ्या आपल्या प्रकाशनांत आणि परिषदांतही या विषयावर त्यांना जीभ आवरावी लागेल. परिषद आणि प्रकाशन म्हणजे विद्यापीठाचं रोजचं काम. मग सात वर्षांनी, २९ जून २०२० ला, दुसरा निकाल आला. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी पाच विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की अमेरिकेबाहेर नोंदलेल्या संस्थांना अमेरिकी राज्यघटनेचं संरक्षण नाही. मूळ संस्था अमेरिकी असो, तिची परदेशी शाखा परदेशी.

याचा अर्थ आपल्या बाजूनं वाचून पाहा. एक अमेरिकी विद्यापीठ आणि एक भारतीय विद्यापीठ मिळून एचआयव्हीवर प्रकल्प करतात. प्रश्नावली एक, वस्ती एक, बायका त्याच. अमेरिकी प्राध्यापकाच्या विद्यापीठाला धोरण लिहून द्यावं लागत नाही. उप-अनुदान घेणाऱ्या भारतीय विद्यापीठाला द्यावं लागतं. मग त्या प्रकल्पाच्या निबंधात ‘धोरणात्मक शिफारशी’ हा भाग कोण लिहिणार? जो मोकळा आहे तो. आपला माणूस माहिती गोळा करणार, आणि माहितीचा अर्थ तिकडचा सांगणार. ज्ञानाच्या क्षेत्रातली ही श्रमविभागणी आपल्याला नवी नाही. इथे ती सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्क्यानं आली एवढंच. २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली परदेशी मदतीची यंत्रणाच गुंडाळली, तेव्हा हे पैसे घेताना कुणी काय काय लिहून दिलं होतं हे कुणी विचारलं नाही. पगार बंद झाले होते, विचारणार कोण?

आता ब्रिटन. तिथला रस्ता वेगळा आहे, तिथे अमेरिकेसारखी धोरण लिहून देण्याची शपथ नाही. २०१५ च्या ‘मॉडर्न स्लेव्हरी’ कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या संस्थेनं दरवर्षी एक निवेदन काढायचं. आपल्या कारभारात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी व मानवी व्यापार नाही यासाठी काय केलं, ते सांगायचं. बहुतेक विद्यापीठं या मर्यादेच्या वर आहेत, त्यामुळे ती निवेदनं काढतात. गंमत अशी की या आर्थिक वर्षात आम्ही काहीच केलं नाही, असं निवेदन काढलं तरी कायदा पाळला जातो. तरी हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. लंडनच्या विद्यापीठांच्या सामाईक खरेदी संघानं ‘इलेक्ट्रॉनिक्स वॉच’ या व्यवस्थेत भाग घेतला आणि संगणक बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांची चौकशी खरेदीच्या कराराशी जोडली. हे खरं काम आहे.

पण विद्यापीठाच्या पोटातला प्रश्न त्या संगणकात नाही, तो वर्गात बसलेल्या मुलात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या ‘गँगमास्टर्स अँड लेबर अब्यूज ऑथॉरिटी’नं जाहीर केलं की उत्तर वेल्समधल्या वृद्धाश्रमांत गेल्या चौदा महिन्यांत पन्नासहून अधिक भारतीय विद्यार्थी आधुनिक गुलामगिरीचे बळी असावेत असा संशय आहे. पाच जणांवर कोर्टाचे निर्बंध लागले. त्या पाचांची मुळं केरळात होती. लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयानं विद्यार्थ्यांना पुढे या असं आवाहन केलं. त्या मुलांनी मुकाट सोसलं, ते का, हे कळायला विद्यार्थी व्हिसाची रचना पाहावी लागते. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम केलं तर व्हिसाचा भंग होतो. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. तो साठ तास राबवतो, आणि मुलानं तोंड उघडलं तर आधी मुलगाच गुन्हेगार ठरतो.

हा मुलगा वर्गात येईनासा होतो. विद्यापीठ त्याचं ‘प्रायोजक’ असतं. प्रायोजकाला तो परवाना टिकवायचा असेल तर गैरहजर राहून अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याची खबर दहा कामकाजी दिवसांत गृहखात्याच्या व्हिसा विभागाला द्यावी लागते. परवाना गेला तर काय होतं हे २०१२ च्या ऑगस्टमध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठानं पाहिलं. दोन हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थी एका फटक्यात अधांतरी झाले, त्यांत भारतीयही होते. तो धाक अजून प्रत्येक विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात बसलेला आहे. एकाच खिडकीवर एक कागद म्हणतो की शोषणाची चिन्हं ओळखा, विद्यार्थ्याला आधार द्या. दुसरा म्हणतो की हजेरी भरली नाही तर कळवा. गैरहजेरी हे शोषणाचं पहिलं चिन्ह आहे. चिन्ह दिसलं की आधार द्यायच्या आधी खबर जाते. मुलाला हे कळतं, म्हणून तो त्या खिडकीवर जात नाही. इथे अमेरिकेतल्यासारखं बोलणं बंद केलेलं नाही. इथे विद्यापीठाच्या कानावर काही येऊच नये अशी व्यवस्था झाली आहे.

आणि एजंट? ब्रिटिश विद्यापीठं परदेशी विद्यार्थी आणणाऱ्या एजंटांना कमिशन देतात, हे उघड गुपित आहे. पुण्या-नाशिकपासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत त्यांच्या पाट्या आहेत. शेत गहाण टाकून किंवा बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून मुलगा जातो आणि कर्जाच्या हप्त्यासाठी वीस तासांची मर्यादा ओलांडतो. पुरवठा साखळीच्या निवेदनात छपाईचा कागद येतो, सफाईचं कंत्राट येतं. हा एजंट कोणत्या रकान्यात बसतो, हा प्रश्न आपल्या पालकांनी त्या विद्यापीठांना विचारायला हरकत नाही. ग्राहक आपण आहोत.

आपल्याकडे येते. आपल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच ओळीत बसवून दोन्हींना बंदी आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं म्हणजे सक्तीचं श्रम. या कसोटीवर विद्यापीठाचं नवं वसतिगृह बांधणारा ठेकेदार, मेसमधली पोरं, रात्रीचे सुरक्षारक्षक एकदा तपासून पाहावेत. कुठल्याही कुलसचिवांना त्यासाठी लंडनचा कायदा लागत नाही. पण आपल्याकडे मानवी व्यापार म्हटलं की फक्त वेश्यावस्ती डोळ्यांसमोर येते, कारण पोलीस ठाण्यात ज्याला अजून ‘पिटा’ म्हणतात तो १९५६ चा कायदा तेवढंच पाहतो. २०१८ च्या जुलैत लोकसभेनं मानवी व्यापाराचं नवं विधेयक मंजूर केलं. ते राज्यसभेत गेलंच नाही आणि २०१९ मध्ये बाद झालं.

आणि तरी आपल्या एका विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, शपथेच्या काळातच, एक मोठं काम केलं. पुणे विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी देशभरातल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. चौदा राज्यं, तीन हजार स्त्रिया. २०११ मध्ये तिचे प्राथमिक निष्कर्ष आले. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मोठ्या संख्येनं या स्त्रिया आधी दुसऱ्या कामांत होत्या. घरकाम, शेतमजुरी, बांधकाम. तिथली मजुरी, तिथला छळ आणि धंद्यातली कमाई यांची तुलना त्या स्वतः करत होत्या. ‘फसवून आणलेली’ आणि ‘मर्जीनं आलेली’ या दोन खणांत मावत नाही असं आयुष्य त्यातून दिसतं. पाहणीला सांगलीच्या वर्तुळातल्या संघटनांची साथ होती. ज्यांनी सही नाकारली होती, त्यांचीच.

अशा पाहण्या आपल्याकडे विरळ का? पैसा हे एक कारण. दुसरं कारण आपल्याच कायद्यात आहे आणि ते मला जास्त बोचतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास शिक्षा. कलम योग्य आहे, मी ते शिथिल करा असं म्हणत नाही. सतरा वर्षांची मुलगी खोलीत बसलेली दिसली आणि संशोधकानं वही मिटून परत यावं, असं मला वाटत नाही. पण एकदा संशोधक खबर देणारा आहे हे वस्तीला कळलं, की त्याला मुलीच काय, तिशीतल्या बायकाही उत्तर देत नाहीत. आणि ज्या प्रौढ बायकांनी सगळं सांगितलं त्यांची नावं, दलालाची नावं, पैशाचे व्यवहार त्याच वहीत असतात. वकिलाला अशिलाची गुपितं जपण्याचं कायद्याचं कवच आहे. संशोधकाला नाही. तपास अधिकारी नोटीस काढून कागदपत्रं मागू शकतो. अमेरिकेत, ज्या देशाला मी तासभर नावं ठेवली त्या देशात, आरोग्य संशोधनाला गोपनीयतेचं प्रमाणपत्र मिळतं. २०१६ च्या कायद्यानंतर सरकारी पैशाच्या प्रकल्पांना ते आपोआप लागू होतं. बालकांवरच्या अत्याचाराची खबर देण्याचं कर्तव्य तसंच राहतं, पण इतर सहभागींची ओळख कोर्टही उगाच मागू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे.

आपल्या नैतिकता समित्या संमतीपत्रकावर ‘माहिती गुप्त ठेवली जाईल’ असं छापून घेतात. हे वचन विद्यापीठ कशाच्या बळावर देतं? उद्या एखाद्या पोलीस ठाण्याचं पत्र येईल, अमुक प्रकल्पाच्या वह्या आणि ध्वनिमुद्रणं दोन दिवसांत सादर करा. ते पत्र प्राध्यापकाकडे येणार नाही, कुलसचिवांच्या टेबलावर येईल, आणि बहुधा संध्याकाळपर्यंत वह्या जीपमध्ये असतील. तसं पत्र आलं तर कोणता वकील उभा करायचा, कोर्टाच्या आदेशाविना काय द्यायचं नाही, सहभागींची नावं मुळात वहीत लिहायची की सांकेतिक क्रमांक घालायचा, क्रमांकांची किल्ली कुणाकडे ठेवायची, हे सगळं आधी ठरवता येतं. प्रत्येक विद्यापीठात विधी विभाग आहे. विद्या परिषदेनं त्याला हे काम सोपवलं तर एका सत्रात मसुदा तयार होईल. आज सभागृहात विद्या परिषदेचे काही सदस्य बसले आहेत, म्हणून हे इथे सांगितलं. पुढची बैठक कधी आहे ते त्यांनाच माहीत.